हातातला विजय का निसटतो?

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. पहिल्या वर्षी प्रथम वर्ग मिळाला आणि तेव्हापासून ‘तो जाऊ नये’ हीच चिंता लागली. म्हणूनच अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचा एक सामना मला वारंवार आठवतो.

२०१३ ची अंतिम फेरी, सहावा सामना. सॅन अँटोनिओ स्पर्स मालिकेत ३-२ ने पुढे. २८ सेकंद उरले असता ५ गुणांची आघाडी. पण जिनोबिली आणि लेनर्ड या गड्यांचा एकेक फ्री थ्रो हुकला. मायामीच्या लेब्रॉन जेम्सने ३ गुणांची एक फेक साधली, पुढची हुकली. बॉशने उसळलेला चेंडू पकडून रे अ‍ॅलनकडे दिला आणि ५.२ सेकंद उरले असता बरोबरी! जादा वेळेत मायामी १०३-१०० ने जिंकले. पुढे अजिंक्यपदही त्यांचेच.

हे निव्वळ नशीब, असे मला वाटत नाही. या खेळात २४ सेकंदांत फेक करावीच लागते. चेंडू कवटाळून आघाडी राखता येत नाही. आणि राखायच्या विचाराने हात आखडतो.

मग थोर खेळाडू कोण? कधीच न हुकणारा नव्हे. अ‍ॅलन सामन्याच्या कित्येक तास आधी येऊन रिकाम्या मैदानावर फेकी घोटवीत असे. ऐन वेळी त्याच्या कामी आली ती ही सवय.

मित्रहो, मिळवलेले जपत बसणे हा आम्हां पहिल्या पिढीचा रोग आहे. वर्ग गेला तर पुन्हा मिळवता येईल. हात आखडला तर मात्र हरलोच!