उचल आणि ‘मर्जी’

‘ऊसतोड मजूर आपल्या मर्जीने उचल घेतात, मग तक्रार कसली?’ हा प्रश्न कारखानदारांच्या गोटातून नेहमी येतो. खेदाची गोष्ट अशी की, आपल्याही काही कार्यकर्त्यांच्या तोंडी तो ऐकू येतो. फक्त ‘मर्जी’च्या जागी ‘अज्ञान’ हा शब्द असतो. आम्हाला दोन्ही निदाने अमान्य आहेत.

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाटसारख्या गावी उचल घेतली जाते ती बहुधा पावसाळ्यात. घरातले धान्य सरलेले, बियाण्याची उधारी डोक्यावर, सावकाराचा तगादा चालू. नवराबायको मिळून एक ‘कोयता’, आणि त्या कोयत्याच्या पुढील पाचसहा महिन्यांचा सौदा मुकादमाच्या एका बैठकीत उरकतो. टनाचा दर काय, खाड्याचे किती कापणार, उचल फिटली नाही तर बाकी पुढल्या हंगामावर जाणार काय, हे त्या घटकेला विचारावे कोणी? मन उद्याच्या देण्यात अडकलेले असते.

ही केवळ आमची भावना नव्हे. तामिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेच शेतकरी तोडणीपूर्वीच्या तंगीत बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडले आणि उसाचे पैसे हाती आल्यावर पुढे गेले. माणसे तीच, अक्कल तीच. चणचणीने तिचा मोठा हिस्सा अडवून ठेवला होता. आणि हे तर उसाचे मालक होते, तोडणारे नव्हते!

मर्जीचा हा हिशेब किती भयंकर ठरू शकतो, हे २०१९ मध्ये उघड झाले. राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीडमधील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. संमतीच्या कागदावर अंगठे होतेच. एका बाजूला पाळीच्या दिवसांत बुडणारा रोज व त्यावर खाडा, दुसऱ्या बाजूला ‘पिशवी ठेवलीस तर कॅन्सर होईल’ ही डॉक्टरने घातलेली भीती. यातून निघालेल्या होकाराला निवड म्हणावयाचे असेल, तर वेठबिगारीलाही करार म्हणावे लागेल. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ पासून अस्तित्वात आहे, याची आठवण येथे करून द्यावीशी वाटते.

आता थोडे आपल्याविषयी. आपली शिबिरे भरतात दसऱ्याच्या सुमारास, म्हणजे ट्रक भरू लागल्यावर. तेव्हा सौदा होऊन महिने लोटलेले असतात, आणि आपण त्या माणसांना हक्क समजावून सांगतो! कार्यकर्त्याने गावात असावयास हवे ते ज्येष्ठ-आषाढात, मुकादमाच्या बैठकीआधी. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला. त्या कामाची मागणी तेव्हाच नोंदवून घ्यावी, मजुरी वेळेवर मिळते की नाही हे पाहावे. उचलीच्या अटी कागदावर उतरवून घ्याव्यात आणि कोयत्यातील बाईलाही त्या वाचून दाखवाव्यात. आजवर तिला कोणी विचारलेलेच नाही.