वेतनाला मर्यादा, मालकाला मोकळे रान!



भिलाईच्या मुली बास्केटबॉलच्या बळावर रेल्वेत नोकरीला लागल्या. म्हणून नेहरू नगरातल्या आम्हालाही या खेळाचे अर्थकारण परके नाही.

अमेरिकेच्या एनबीएमध्ये 1984 पासून संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा आहे. ती ओलांडलेल्या संघाला खेळाडूंची अदलाबदल करताना वेतनाचे आकडे जुळवावे लागतात. 2023 च्या करारानंतर सर्वांत खर्चिक संघांना दोघांची वेतने एकत्र करून एक महागडा खेळाडूही घेता येत नाही. खेळ मागे, आकडा पुढे!

बोस्टन सेल्टिक्सचेच पाहा. 2024 चे विजेतेपद मिळवून देणारे हॉलिडे आणि पोर्झिंगिस 2025 मध्ये वेतनखर्च घटवण्यासाठी दुसऱ्या संघांकडे धाडले गेले. त्याच वर्षी संघ विकला गेला, किंमत 6.1 अब्ज डॉलर! या किमतीला मर्यादा कोणी घातली?

तरीही तेथे 1954 पासून खेळाडूंची युनियन आहे; उत्पन्नाचा सुमारे निम्मा वाटा करारानेच खेळाडूंचा. आपल्या आयपीएलमध्ये 2025 च्या लिलावासाठी संघाला 120 कोटींची मर्यादा होती. पण खेळणाऱ्यांची युनियन कोठे आहे?

मर्यादा घालायचीच तर ती वाटाघाटीने, उत्पन्नातील वाट्यासह. युनियनशिवाय मर्यादा म्हणजे निव्वळ वेतनकपात!