घरचा सर्व्हर : सोय की हौस?

घरोघरी स्वतःचा सर्व्हर असावा, असा आग्रह हल्ली शिकल्यासवरल्या मंडळींत ऐकू येऊ लागला आहे. सर्व्हर म्हणजे काही अद्भुत वस्तू नव्हे. अहोरात्र चालणारा एक लहानसा संगणक, त्याला जोडलेल्या एकदोन हार्ड डिस्का. घरातली छायाचित्रे, कागदपत्रे, गाणी त्यावर ठेवावयाची आणि ज्याने त्याने आपापल्या फोनवर पाहावयाची. सामान्य कुटुंबाला यात लाभ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे मात्र न्यायाने मांडले पाहिजे. परक्याच्या वाड्यात ठेवलेले सामान वाड्याच्या मालकाच्या मर्जीवर राहते, हे खरेच. ऑर्कुट २०१४ साली मिटले, याहू ग्रुप्स २०२० साली. गूगल फोटोजने फुकटची अमर्याद जागा १ जून २०२१ पासून बंद केली. विजेचा बाऊही मी करीत नाही. दहा वॉटचे यंत्र वर्षभर चालले तर सुमारे ८८ युनिटे होतात. युनिटास दहा रुपये धरले तरी खर्च नऊशेच्या आतच.

पण यंत्र घेणे वेगळे आणि यंत्र राखणे वेगळे. विहीर खणली म्हणून काम संपत नाही. गाळ उपसावा लागतो. २०२१ च्या जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या घरगुती यंत्रांतला मजकूर कित्येकांच्या घरी दूरवरून कोणीतरी पुसून टाकला. कंपनीने त्या यंत्रांची दुरुस्ती २०१५ सालीच थांबविली होती, आणि घरमालक निर्धास्त होते! पुढे २०२२ च्या जानेवारीत क्यूनॅपच्या यंत्रांतल्या फायलींना चोरांनी कुलपे ठोकली आणि खंडणी मागितली. ‘आमच्याकडे दोन डिस्कांवर एकच मजकूर उमटतो’, असे कोणी अभिमानाने सांगतात. अहो, एकीवरून पुसलेले दुसरीवरूनही त्याच क्षणी पुसले जाते. आणि चोर पेटी उचलतो तेव्हा दोन्ही डिस्का उचलतो.

याहून मोठा प्रश्न माणसांचा आहे. घरात सर्व्हरचे मर्म जाणणारा बहुधा एकच असतो. तो नोकरीसाठी परगावी गेला तर? त्याचे काही बरेवाईट झाले तर? गूगलने २०१३ साली आणि ॲपलने २०२१ साली, खातेदारामागे त्याचे खाते कोणाच्या हाती जावे हे आधी नेमून ठेवण्याची सोय केली. घरच्या सर्व्हरला असा वारस कोणी नेमला आहे? नवऱ्यामागे बायकोने, मुलामागे आईने लुकलुकत्या दिव्याच्या त्या पेटीकडे नुसते पाहत बसावे काय? आतमध्ये मुंजीची, लग्नाची, आजीच्या शेवटच्या दिवाळीची छायाचित्रे आहेत, आणि किल्ली मात्र गेलेल्या माणसाच्या डोक्यात होती!

ज्याला या विद्येची खरी गोडी आहे त्याने सर्व्हर खुशाल चालवावा. मात्र घरातल्या दुसऱ्या एका माणसाला तो शिकवावा आणि पासवर्ड वहीत लिहून वही दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवावी. आपली हौस साऱ्या घराचा आधार आहे, असे मात्र त्याने म्हणू नये.

इतरांना माझे सांगणे सोपे आहे. भाड्याची जागा असेल ती असू द्यावी. वर दोन साध्या हार्ड डिस्का विकत घ्याव्या. एक आपल्या घरी, एक बहिणीच्या. दर दिवाळीला वर्षाची छायाचित्रे आपल्या डिस्कवर उतरवून ती उघडून पाहावी, आणि भाऊबीजेला जाताना ती देऊन तिकडची घेऊन यावी. घर जळाले, फोन हरवला, कंपनी बुडाली, तरी कुठेतरी एक प्रत उरते. आणि ती उघडण्यासाठी कोणा तज्ज्ञाची वाट पाहावी लागत नाही. आजीलाही ती फराळ करता करता पाहता येते.