पॉलिशपेपर, पण सावकाश

खंडेनवमी आठवड्यावर आली की आपल्याकडे गल्लोगल्ली गाड्या धुतल्या जातात. कुणाची खंडेनवमी, कुणाची आयुधपूजा. बॉनेटवरची झेंडूची माळ मात्र सारखीच. ‘यंदा रबिंग-पॉलिश घरीच करू’ असं ज्यांच्या मनात आहे, त्यांना माझा एक जुना गुन्हा सांगतो.

२००६ च्या दसऱ्याला वडिलांच्या लाल गाडीचं बॉनेट मी पॉलिशपेपरने घासायला घेतलं. पाणी लाल येत होतं. मला वाटलं, मळ निघतोय! उजव्या कोपऱ्यावर राखाडी अस्तर दिसलं तेव्हा उशीर झाला होता. जुन्या साध्या रंगावर पारदर्शक थर नसतो, त्यामुळे घासताना रंगच निघतो. आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर क्लिअरकोट असतो, साधारण ४० ते ५० मायक्रॉन. म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. रंगाला उन्हापासून सांभाळणाराही तोच. तिथे घासताना पाणी दुधाळ येतं. त्यात गाडीचा रंग उतरू लागला, की थर संपला समजा. आपली गाडी कुठल्या जातीची हे आधीच कळतं: पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन आडोशाच्या जागी चोळा. फडक्याला रंग लागला, तर क्लिअरकोट नाही.

मुळात घासायची गरज आहे का? ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे. तो घासून जाणार नाही, तिथे रंगच भरावा लागेल. आपल्या लाल धुळीवर कोरडं फडकं फिरवून पडलेल्या बारीक रेघांना तर पेपर लागतच नाही, नुसतं कंपाउंड पुरतं. पेपर हवा तो नव्या रंगाची संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत पाठ सपाट करायला, नाहीतर त्यात अडकलेला धुळीचा कण काढायला.

हात घातलाच, तर २००० नंबरने सुरुवात करा, मग ३०००. नंबर मोठा तितका पेपर बारीक. पेपर दहा-पंधरा मिनिटं पाण्यात भिजवा, पाण्यात गाडीच्या शाम्पूचे चार थेंब टाका. बोटांनी घासू नका, दाब बोटांखालीच पडून चर उठतात; रबरी ठोकळा घ्या. गाडी सावलीत हवी. सरळ हात चालवा आणि दुसरा पेपर पहिल्याच्या आडवा, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते दिसतं. मध्येमध्ये पुसून बघा. सगळीकडे सारखं निस्तेज दिसलं की थांबा. चमक नंतर कंपाउंड आणि पॉलिशनं येते. मशीन वापरलंत तर एका जागी ठेवू नका, पत्रा हाताला गरम लागला की उचला.

उद्यमबागेतल्या एका मिस्त्रीला मी तो कोपरा दाखवायला नेला होता. त्याने बोट फिरवलं आणि म्हणाला, “सावकाश माडरी साहेब, अंचु बिडरी.” सावकाश हा शब्द दोन्ही भाषांत एकच, तो कळला. अंचु म्हणजे कड. कडेवर आणि उंचवट्यावर रंग सगळ्यांत पातळ बसतो, म्हणून तिथे आधी मास्किंग टेप लावायची. ती टेप माझ्याकडे नव्हती.

त्या खंडेनवमीला वडिलांनी माळ नेहमीसारखी मधोमध नाही लावली. उजव्या कोपऱ्यावरून सोडली. बोलले काहीच नाहीत.