ओसरीवरच्या गोष्टी : अक्षरशत्रू कोणास म्हणावे?

गेल्या महिन्यात एका भगिनीचे पत्र आले. नावगाव छापू नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळे ते येथे देत नाही. घर मोठे, सासूसासरे, दोन दीर, जावा व मुलेबाळे मिळून बारातेरा माणसांचे. त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत शिकणारा. रामरक्षा त्यास पाचव्या वर्षीच मुखोद्गत झाली. आजोबांनी सांगितलेली भारतातील कथा तो जशीच्या तशी, वर आपल्या पदरचे दोन प्रश्न जोडून सांगतो. परंतु पुस्तक पुढे ठेविले की त्याची वाचाच बसते. पहिल्या ओळीत अडखळत वाचलेला शब्द तिसऱ्या ओळीत त्यास पुन्हा परका होतो. धाकट्या जावेची मुलगी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान असून वर्तमानपत्र वाचते. तेव्हा पंगतीत रोज तुलना ठरलेली. सासूबाई म्हणतात, लाडाने बिघडला. वडील म्हणतात, आळशी आहे, वसतिगृहात ठेविला म्हणजे सुतासारखा सरळ येईल. जूनपासून त्यास तेथे पाठविण्याचे जवळजवळ ठरले आहे. ‘मुलगा मंद आहे की हट्टी, एवढेच कृपा करून कळवावे,’ असा पत्राचा शेवट आहे.

ताई, मला वाटते तो या दोहोंपैकी काहीच नसावा. मात्र हे मी आज म्हणतो. पूर्वी मीही तुमच्या यजमानांचीच बाजू घेतली असती. किंबहुना घेतली होती.

1987 साली मी आठवीच्या वर्गास मराठी व संस्कृत शिकवीत असे. त्या वर्गात एक मुलगा होता. सुभाषित एकदा ऐकले की त्याचे पाठ होई, आणि अर्थ विचारला तर इतरांच्या आधी हात वर करी. तोच मुलगा पुस्तकातील चार ओळी वाचावयास उभा केला की घामाघूम होई. माझे अनुमान असे की, ज्याची स्मरणशक्ती एवढी, त्यास वाचता येत नाही हे संभवतच नाही. सबब हा खोडसाळपणा आहे. मी त्यास रोज उभा करू लागलो. छडीही दिली. एके दिवशी भर वर्गात म्हणालो, ‘तू तर अक्षरशत्रू!’ मुलांना शब्द आवडला. तेच त्याचे नाव पडले. नववीनंतर तो शाळेत दिसला नाही, आणि खरे सांगावयाचे तर मलाही त्याचे फारसे काही वाटले नाही.

आता या दोषाविषयी. डिस्लेक्सिया हा शब्द जर्मन नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन यांनी 1887 साली प्रचारात आणिला. तो मेंदूस इजा होऊन वाचनाची शक्ती गमावलेल्या प्रौढ माणसांसंबंधी होता. पुढे 1896 साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पर्सी नामक चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत छापिली. मुलगा चलाख, दृष्टी उत्तम, शिकविण्यात कसूर नाही. तरी लहानसहान शब्दही त्यास वाचता येत नसत. त्याच्या शिक्षकाचे मत असे होते की, सारे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. मी छडी उगारली त्याच्या 91 वर्षे आधी हे छापून आले होते!

पर्सीच्या शिक्षकाचे ते मत वाचून मी बराच वेळ विचार करीत बसलो. पद, क्रम, जटा, घन असे वेदपाठ आपल्याकडे मुखातून कानात उतरत आले. त्या पाठशाळेत माझा तो विद्यार्थी कदाचित अग्रभागी बसला असता. वाचन ही बोलण्यासारखी निसर्गदत्त गोष्ट नव्हे, ती मनुष्याने केलेली योजना आहे. ऐकलेला शब्द ध्वनींत फोडणे आणि त्या ध्वनींची चिन्हांशी चटकन गाठ घालणे, हे काम काही मेंदूंस जन्मतः जड जाते. डोळ्यांस अक्षरे उलटी दिसतात, ही समजूत बरोबर नाही. बुद्धीचाही येथे संबंध नाही. दोष पुष्कळदा घराण्यात चालत आलेला असतो. तेव्हा ताई, मुलाचे एखादे काका किंवा मामा शाळेत कसे होते, याची हळूच चौकशी करून पाहावी.

आपली देवनागरी इंग्रजीपेक्षा सरळ खरी, पण अशा मुलास तीही सोपी नाही. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि उच्चारात मागून येते. ‘अर्क’ शब्दातला र उच्चारात आधी, पण बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. अर्क, चक्र, राष्ट्र, वऱ्हाड या चार शब्दांत एकच र चार वेषांत हिंडतो. घ आणि ध, भ आणि म, ष आणि प यांत फरक तो केवढा! आपण हे सारे कधी शिकलो ते आपणांस आठवतही नाही, म्हणून न शिकलेल्याचा आपणांस राग येतो.

मग करावे काय? प्रथम डोळे व कान तपासून घ्यावेत. कित्येकदा गाठ तेथेच सुटते. ते निर्दोष निघाले तर मोठ्या रुग्णालयातील बालविकास विभागात, किंवा या विषयाच्या मानसशास्त्रज्ञाकडे न्यावे. अध्ययन-अक्षमतेचा निश्चित दाखला साधारणतः आठ वर्षांच्या पुढे मिळतो. तुमच्या मुलाचे वय त्यास योग्य आहे. दाखल्याची लाज वाटू देऊ नये. मोठ्या घरात हीच अडचण अधिक असते, म्हणून मुद्दाम लिहितो.

त्यानंतर विशेष शिक्षकांचे काम. अंधांच्या, बहिऱ्यांच्या किंवा मतिमंद म्हणून हिणविलेल्या मुलांच्या शिक्षणाचे जे मूलतत्त्व, तेच येथेही आहे. वर्ग कोठे पोचला हे न पाहता मूल कोठे उभे आहे ते पाहावयाचे आणि त्याच पायरीपासून निघावयाचे. चौथीतला मुलगा बाराखडीत अडत असेल तर बाराखडीस जावे. त्यात कमीपणा नाही. अमेरिकेत 1975 च्या कायद्याने अशा प्रत्येक मुलाची स्वतंत्र लेखी शिक्षणयोजना करणे शाळांस बंधनकारक झाले. आज मूल काय करू शकते, वर्षाअखेर काय यावे, ते कोण शिकवील, हे तीत लिहावयाचे आणि दर वर्षी पडताळावयाचे. आपल्या घरीही एक वही घालून हे करता येईल. ‘वाचन सुधारणे’ असे मोघम लिहू नये. ‘दिवाळीपर्यंत वेलांटीचे शब्द न अडखळता’ असे लिहावे.

पद्धतीविषयी एक गंमत सांगतो. पाश्चात्त्य तज्ज्ञांनी या मुलांसाठी डोळा, कान व हात यांना एकदम कामास लावणारी रीत बसविली. अक्षर पाहावयाचे, मोठ्याने उच्चारावयाचे आणि त्याच वेळी बोटाने वाळूत गिरवावयाचे. आमच्या आजोबांनी धूळपाटीवर याहून निराळे काय केले होते? फरक एवढाच की ते सर्वांसाठी होते आणि काही दिवसांत संपत असे. या मुलास ते महिनोन्महिने लागते. एक ध्वनी पक्का झाल्यावाचून दुसरा घेऊ नये. रोज पाऊण तास पुरे, पण नागा नको. आणि वाचन मागे आहे म्हणून ज्ञान मागे ठेवू नये. इतिहास, भूगोल, विज्ञान घरच्या कोणी वाचून दाखवावे. त्याने ऐकावे, तोंडी उत्तर द्यावे. तुमच्या घरी हे काम आजोबांहून चांगले कोण करील? वाचून दाखविणे म्हणजे लाड, असे सासूबाईंस वाटले तर त्यांना विनयपूर्वक विचारावे की, चष्मा देणे हाही लाड काय?

कायदाही आज तुमच्या बाजूस आहे. महाराष्ट्रात 1996 पासून अशा मुलांस सवलती मान्य झाल्या. परीक्षेत जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे कानाडोळा, अशा त्या आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत अध्ययन-अक्षमतेचा समावेश असून, ती लवकर ओळखून योग्य शिक्षण देणे हे शाळांचे कर्तव्य ठरले आहे. मुख्याध्यापकांस भेटताना दाखल्याची प्रत व लेखी अर्ज न्यावा. केवळ तोंडी सांगितलेले शाळेत विसरले जाते, हे मी आतला माणूस म्हणून सांगतो.

वसतिगृहाचा बेत मात्र यंदा तरी रहित करवावा. ज्या मुलास रोज एका माणसाची शेजारी बसण्याची गरज आहे, त्यास पन्नास मुलांत नेऊन सोडल्याने काय साधणार?

हे सर्व मला कोणी शिकविले, तेही सांगितले पाहिजे. दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझा पत्ता शोधीत आले. विजेच्या कामाचा त्यांचा मोठा व्यवसाय आहे, हाताखाली माणसे आहेत. त्यांनी वाकून नमस्कार केला तेव्हा मी ओळखले; तोच तो. बरोबर दहा वर्षांची मुलगी होती. पिशवीतून तिची वही काढून त्यांनी माझ्यापुढे ठेविली. घ च्या जागी ध, रेफ भलत्याच अक्षरावर, वेलांटी कोठेतरी तरंगत असलेली, सारे तसेच. ‘गुरुजी,’ ते म्हणाले, ‘तुमचा शब्द शाळेत ऐकतात. हिला उभी करून वाचावयास लावू नका, एवढे सांगाल का?’

मी गेलो, सांगितले. नंतर या विषयावरील मिळेल ते वाचू लागलो आणि मुलीस एका विशेष शिक्षिकेकडे नेऊन पोचविले. त्या बाई घेतात तो अभ्यास संध्याकाळी माझ्या ओसरीवर पुन्हा होतो. परातीत बारीक वाळू असते. जोडाक्षरे अजून जड जातात. गेल्या गुरुवारी ‘वऱ्हाड’ लिहिताना तिने तीनदा वाळू सारखी केली, आणि चौथ्यांदा लिहिले.