रीडिंग जुळवू नका!

प्रॅक्टिकलचा तास आठवा. ब्युरेटचं रीडिंग काही केल्या जुळत नाही, तास संपत आलाय आणि शेजारच्या टेबलावरून सिनिअरचं जर्नल सरकत येतं. तीन रीडिंग सारखी लिहिली, सरांची सही झाली, विषय संपला. खरंच संपला?

१९८६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष होतं. दोन्ही द्रव पारदर्शक, दोन्ही गोड. नुसतं बघून फरक कळत नाही, तो चाचणीतच कळतो. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. तरीही २०२२मध्ये गांबियातल्या बालमृत्यूंनंतर भारतात बनलेल्या सिरपबद्दल जागतिक आरोग्य संघटनेला इशारा द्यावा लागला. विष तेच!

डिसेंबर २०२३मध्ये केंद्र सरकारने औषध कारखान्यांसाठीचे नियम, म्हणजे 'शेड्यूल एम', आणखी कडक केले. आता नवं मशिन विकत आणता येतं. सवय कुठून आणणार?

इथेच एका वेगळ्या करिअरचं काम सुरू होतं. औषध कंपनीला बदलायला मदत करणारा सल्लागार. नाव ऐकून सूट-बूट आणि प्रेझेंटेशन डोळ्यांसमोर येईल. पण त्याचं खरं काम कारखान्यातल्या माणसांशी बोलण्याचं आहे. बॅचची नोंद काम करतानाच होते, की शिफ्ट संपल्यावर एका दमात भरली जाते? चूक सांगणाऱ्याचं ऐकतात, की त्यालाच झापतात? शंका आली तर साधा ऑपरेटर बॅच थांबवू शकतो का? मालकाला 'नाही' ऐकायची आणि कामगाराला खरं लिहायची सवय लावणं, हा त्यातला सगळ्यात अवघड भाग.

कॉलेजातून थेट कुणी सल्लागार होत नाही. बी.फार्म. किंवा बीएस्सी करायचं, क्वालिटी विभागात काही वर्षं घासायची, ऑडिटला तोंड द्यायचं. मग लोक सल्ला विचारतात. आणि इंग्रजीची धास्ती घेऊन बसलेल्या भोकरच्या पोरापोरींनो, तुमच्याकडे एक भांडवल आधीच आहे. तेलंगणाच्या उंबरठ्यावर राहून मराठी, हिंदी आणि थोडीफार तेलुगू आपल्या कानावर असतेच. हैदराबादच्या कारखान्यात कामगाराला त्याच्या भाषेत 'का' समजावून सांगणारा माणूस लागतो.

पण त्याआधी आपलं जर्नल. कॉलेजांनीही जुळलेल्या रीडिंगपेक्षा खऱ्या रीडिंगला मार्क द्यावेत. 'उत्तर चुकलं, कारण असं असावं' असं लिहिणाऱ्याचे मार्क कापले, तर आपण त्याला खोटं लिहायलाच शिकवतो. उद्या त्याच हाताने तो सिरपच्या बॅचवर सही करणार आहे आणि ते सिरप कदाचित आपल्याच घरातलं लेकरू पिणार आहे.

या आठवड्याच्या प्रॅक्टिकलला रीडिंग चुकलं, तर चुकलेलंच लिहा. बघा, जमतंय का!