‘पुरवठादार’ या संज्ञेची जबाबदारी

पाणी आणून देणाऱ्याला मराठीत जुनी नावे आहेत. घरोघर घागरी भरणारा पाणक्या, पखाल वाहणारा पखालजी, उन्हाळ्यात पाणपोई घालणारा दाता. यांतील प्रत्येक नाव देणाऱ्याचे घेणाऱ्याशी असलेले नाते सांगते. ‘खाजगी पुरवठादार’ ही प्रशासनाची संज्ञा त्या नात्याविषयी मौन पाळते. बंगळूरच्या सर्जापूर रोडवर या मौनाचा परिणाम स्पष्ट दिसतो.

२००७ मध्ये शहराभोवतीची ११० गावे महानगरपालिकेत आली. या रस्त्याच्या पट्ट्यातील कित्येक गावे त्यांत होती. त्यांच्यासाठी योजलेला कावेरी पाणीयोजनेचा पाचवा टप्पा कार्यान्वित झाला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये. मधल्या सतरा वर्षांत वसाहती उभ्या राहिल्या त्या विंधन विहिरी आणि टँकर यांच्या भरवशावर. ‘कावेरी’ हे नदीचे विशेषनाम येथे नळाच्या पाण्याचे सामान्यनाम झाले, आणि एखाद-दुसरे वाहन असलेला विक्रेता शेकडो कुटुंबांचा पुरवठादार बनला. हे स्थित्यंतर कोणत्याही विचारपूर्वक निर्णयाने झालेले नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात टंचाई तीव्र झाली तेव्हा शासनाने टँकरची नोंदणी सक्तीची केली आणि दर ठरवून दिले. पाच किलोमीटरच्या आत ६,००० लिटरना ६०० रुपये, १२,००० लिटरना १,००० रुपये. हे आवश्यकच होते. परंतु हे नियमन वाहनाचे आणि खेपेचे झाले. पाणी कोणत्या विहिरीतून उपसावे, किती उपसावे, आणि टंचाईत कोणाला नाकारता येणार नाही, हे दरपत्रक सांगू शकत नाही.

खाजगी की सार्वजनिक, या शब्दांवर काय अवलंबून असते हे मराठी वाचकास महाडने शिकविले आहे. मार्च १९२७ च्या सत्याग्रहानंतर प्रतिपक्षाने न्यायालयात धाव घेतली ती चवदार तळे खाजगी आहे असा दावा करून. त्या वर्षीच्या डिसेंबरात तात्पुरता मनाईहुकूमही मिळाला. मुंबई उच्च न्यायालयाचा अस्पृश्यांच्या बाजूचा निकाल यावयास १९३७ साल उजाडले. तेथे वगळण्याचे कारण जात होती. सर्जापूर रोडवर ते ऐपत आहे. दोन्ही अन्याय एकाच मापाने मोजता येणार नाहीत. तरीही ‘खाजगी’ हा शब्द पाण्याला लागला की देण्याचे कर्तव्य गळून पडते, ही गोष्ट दोहोंकडे समान आहे.

कायद्याचा पायाही जुनाच आहे. आपल्या हद्दीतील भूजल उपसण्याचा जमीनमालकाचा हक्क १८८२ च्या सुखाधिकार अधिनियमात नमूद आहे. कर्नाटकाच्या २०११ च्या भूजल अधिनियमाने विहिरींवर नोंदणी व परवानगीचे बंधन घातले. पण विहीर एका कायद्याखाली, टँकर दुसऱ्या आदेशाखाली, आणि ग्राहक कोणाच्याच आश्रयाखाली नाही, अशी ही विभागणी आहे.

कडक अटी घातल्या तर लहान विक्रेता बुडेल आणि धंदा मोठ्यांच्या हाती जाईल, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. शिवाय जे शासन सतरा वर्षे नळ पोहोचवू शकले नाही, त्याने टँकरवाल्यास कर्तव्य शिकवावे, यातील विसंगतीही मान्य करावी लागेल. म्हणून अटी थोड्या पण मूलभूत हव्यात. पाण्याचा उगम नोंदलेला असावा, उपसा मोजलेला असावा, गुणवत्ता तपासलेली असावी, आणि ठरलेल्या दराने पाणी मागणाऱ्या मजुरांच्या पत्र्याच्या वस्तीलाही ते नाकारले जाऊ नये. लहान विक्रेत्यास या अटी पाळता याव्यात म्हणून तपासणीचा खर्च शासनाने उचलावा.

पुरवठादार हे पद वाहनाच्या क्रमांकावर मिळू नये. ते कर्तव्य स्वीकारल्यावर मिळावे. नळ आता येत असले तरी शहर पुढे सरकतच राहील आणि दोम्मसंद्र्यापलीकडे हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. त्यापूर्वी या संज्ञेचा अर्थ कायद्यात लिहिला गेला पाहिजे.